कौसाबाईंचा नसलेला भाऊ

मे महिन्यातल्या सोलापुरात, वीज गेलेल्या खोलीत, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटची काच खाली ओढून बसलेला माणूस मी पाहिला आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या कुठल्याशा शाळेत शिक्षक होता आणि पोरांना वक्तृत्व शिकवायचा. त्याला नुकतंच एचआयव्हीचं निदान झालं होतं आणि कुणीतरी शुक्रवार पेठेतल्या आमच्या संस्थेचा पत्ता त्याच्या हातात ठेवला होता. मी त्या हेल्मेटला सगळं समजावून सांगितलं. रोज एक गोळी घ्यायची, चुकवायची नाही, मरत नाहीस, नोकरी जात नाही, ताटवाटी वेगळी करायची गरज नाही. हेल्मेट मान हलवत होतं. पंचाईत झाली ती चहा आल्यावर. गुरुजींनी थोडा वेळ कपाकडे पाहिलं, मग काच वर केली. मी म्हटलं, नमस्कार गुरुजी, बरं वाटलं भेटून. ते रडले, मग हसले, मग त्यांनी आणखी एक चहा मागितला. पुढे गुरुजी इतके सावरले की आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला उपदेश पाजायला लागले आणि त्यांना आवरणं हेच माझं एक जास्तीचं काम होऊन बसलं.

माझ्या नोकरीला कागदावर 'पीअर' म्हणत. म्हणजे बरोबरीचा माणूस. पुरुषांवर प्रेम करणारा पुरुष, ज्याला स्वतःला एचआयव्ही आहे आणि तरीही जो दोन वेळ जेवून, चार जणांशी भांडून चांगला जिवंत आहे, असा. डॉक्टर औषध देतो, समुपदेशक समजूत घालतो आणि पीअर नुसता समोर बसतो. नव्याला दिसायला हवं की हा बाबा एवढी वर्षं गोळ्या खातोय आणि पोट सुटलंय त्याचं. माझ्या पोटानं जितक्यांना धीर दिला तितक्यांना माझ्या बोलण्यानंही दिला नसेल. त्याआधी मी टॉवेलच्या कारखान्यात होतो. बौद्ध घरातला, म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकलेला. या कामाला पदवी लागत नाही, जीभ लागते, आणि ती मला जन्मतःच जरा लांब मिळालेली आहे. आता प्रकल्प संपला, त्याच्याबरोबर मीही संपलो. म्हणजे निवृत्त झालो.

आमच्या भल्यासाठी झटणाऱ्यांची मात्र कधी कमतरता पडली नाही. वर्षातून एकदा एखाद्या हॉटेलात कार्यशाळा व्हायची, विषय ठरलेला: कलंक आणि भेदभाव. कुणीतरी मोठे साहेब स्टेजवर येऊन आमच्याशी हात मिळवायचे, हात सोडायच्या आधी फोटो निघायचा आणि साहेब लगोलग बेसिनकडे जायचे. जेवणाआधी हात धुवावेतच म्हणा, त्यात गैर काही नाही.

आमचेही लोक काही कमी नव्हते. मोबाईलवर आमच्या लोकांनी एकमेकांना गाठायची ॲप असतात. ती उघडा, सोलापूर शहरात नुसत्या छात्या दिसतील, मुंडकं एकालाही नाही. त्यातल्या एकाला एचआयव्ही असल्याची कुणकुण लागली की बाकीच्या सगळ्या छात्या त्याला ब्लॉक करून मोकळ्या. स्वतःची तपासणी करायला मात्र एकही छाती पुढे येत नाही. आणि एक महाशय तर असे भेटले की निदान ऐकून पार खचलेले, भिंतीला टेकून बसलेले, पण मला नाव विचारलं, मग आडनाव विचारलं आणि मग हळूच म्हणाले, आमच्यातला कुणी पीअर नाही का? मी म्हटलं, विषाणूनं तुम्हाला आडनाव विचारलं होतं का? त्यांना राग आला. येऊ दे. गोळ्या सुरू केल्या की नाही, एवढंच मी पाहिलं. केल्या.

आता मामाचं सांगतो, कारण माझी खरी कमाई तीच.

सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र असतं. तिथे गोळ्या सुरू करताना सांगतात की घरचं कुणीतरी बरोबर घेऊन या. सांगण्यात चूक काहीच नाही. गोळी आयुष्यभराची, आठवण करून देणारं माणूस घरात असलेलं बरं. पण आमच्या पोरांनी आणायचं कुणाला? घरी आजार सांगायचा तर तो कुठून आला हेही सांगावं लागणार. मग मी जायचो. मामा म्हणून. काका म्हटलं तर आडनाव जुळायला हवं, थोरला भाऊ म्हटलं तर तोंडावळा जुळायला हवा. मामाचं आडनाव वेगळंच असतं, तोंडावळा कुणी बघत नाही, आणि भाच्याला घेऊन दवाखान्यात हिंडणं हे आपल्याकडे मामाचंच काम मानतात. त्यामुळे मी सांगोल्यापासून अक्कलकोटपर्यंत सगळ्या जातींचा मामा होतो. केंद्रातल्या नर्सबाईंना हे ठाऊक नव्हतं असं समजायला त्या काही आंधळ्या नव्हत्या. मी एखाद्या नव्या भाच्याला घेऊन टेबलासमोर उभा राहिलो की त्या मान वर न करता म्हणायच्या, "बसा मामा. हा कुठल्या बहिणीचा?"

दत्ता हा असाच एक भाचा. मोहोळच्या बाजूचा, शेतकऱ्याच्या घरचा, वडील वारलेले, घरी आई आणि चुलत्यांचा गोतावळा. सोलापुरात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये विक्रीला होता. दिसायला देखणा, बोलायला गोड, तिशी उलटलेली. गिऱ्हाइकाला ट्रॅक्टर गळ्यात मारणारा हा गडी निदान झाल्यावर माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्याजवळ एकच प्रश्न होता. मी किती दिवस जगणार, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, म्हातारा होशील, गुडघे दुखायला लागतील आणि तेव्हा मला शिव्या देशील की मामानं उगाच जगवलं. त्याला घेऊन केंद्रात गेलो, गोळ्या सुरू झाल्या, अंगावर तुकतुकी आली. इथवर सगळं ठीक होतं.

मग एक दिवस स्वारी पेढ्यांचा पुडा घेऊन आली. लग्न ठरलं होतं. मुलगी मैंदर्गीची, बारावी झालेली, बापाचं धान्याचं दुकान. सुपारी फुटली होती.

मी पेढा उचलला नाही. मी विचारलं, पोरीला काय सांगितलंस? त्यानं चेहरा असा केला जणू मी ट्रॅक्टरची खरी किंमत विचारली. आणि मग माझीच शिकवणी माझ्यावर उलटवली. गोळी नीट घेतली की रक्तात विषाणू सापडत नाही आणि सापडेनासा झाला की दुसऱ्याला होत नाही, हे तुम्हीच सांगितलं ना मामा? सांगितलं होतं आणि ते खरंही आहे. मग तिला सांगायचंच काय, असं त्याचं म्हणणं.

मी भडकलो. विषाणू दबला रे गोळीनं, तू कशानं दबणार आहेस? ती पोरगी जन्मभर तुझ्या पाठीकडे बघत झोपेल आणि स्वतःतच खोट शोधत राहील. त्या खोटेपणाला सरकारी दवाखान्यात गोळी मिळत नाही. त्यावर त्यानं आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य काढलं: आईला कळलं तर आई मरेल. हे प्रत्येक जण म्हणतो. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत बातमी ऐकून एकही आई मेलेली नाही. रडल्या, बोलल्या, दोघी-तिघींनी चपलाही उचलल्या, पण मेली कुणी नाही.

तुम्ही म्हणाल, मग तुम्हीच का नाही मैंदर्गीला फोन केला? करता येत नाही. कायदा तर आहेच, पण कायद्याच्याही आधी आमच्या कामाचं इमान आहे. एका पोराची गोष्ट त्याच्या मर्जीशिवाय आमच्या जिन्यावरून खाली उतरली तर उद्या तो जिना कुणी चढणार नाही, आणि न चढणारा गोळीवाचून मरेल. त्यामुळे माझ्या हातात काय होतं? दत्ताचे कान. ते मी येताजाता पिरगाळत होतो. तो सांगतो सांगतो म्हणायचा. मग फोन उचलेनासा झाला. तिकडे पत्रिका छापल्या गेल्या. त्या मुलीला मी पाहिलंही नव्हतं, पण ती माझ्या डोळ्यासमोरून हलेना. कुठे तरी बसून ती ब्लाउजं शिवायला टाकत असणार, आणि माझ्या तोंडाला कुलूप.

लग्नाच्या गडबडीत हा गोळ्या चुकवणार, हे मला दिसत होतं. म्हणून शोरूमला जाऊन, गिऱ्हाइकांच्या देखत त्याची कॉलर धरायची बाकी ठेवून, त्याला केंद्रात घेऊन गेलो. गोळ्या घेऊन बाहेर पडतोय तोच व्हरांड्यात त्याच्या गावचा एक माणूस समोर आला. सासूला बघायला आला होता. मी नेहमीच्या सफाईनं पुढे होऊन नमस्कार केला आणि म्हटलं, मी दत्ताचा मामा. त्या माणसानं मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं, बरं बरं म्हणाला आणि निघून गेला.

दत्ता भिंतीला टेकला. म्हणाला, "मामा, आईला भाऊच न्हाय."

चुलत असेल की एखादा, मी म्हटलं. चुलतही नव्हता. पाच बहिणीच. सगळ्या गावाला ठाऊक. मी कपाळावर हात मारून घेतला. ज्याच्या आईला भाऊ नाही त्यानं मला मामा का होऊ दिलं? तर म्हणे, तुम्ही विचारलंच नाही. त्या दिवसापासून नव्या पोराला माझा पहिला प्रश्न आजाराचा नसायचा, आईला भाऊ किती हा असायचा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कौसाबाई आल्या. दत्ताच्या आई. साठीच्या, उन्हानं रापलेल्या, नऊवारी. लेकाला गाडी चालवायला लावून थेट आमच्या दारात आल्या होत्या. लेक खाली गाडीपाशीच खिळला होता. आमच्या खोलीत चार-पाच पोरं बसलेली, एरवी ओढण्या घेऊन एकमेकांची उणीदुणी काढणारी. बाईंना बघून सगळी अशी सरळ बसली की जणू तलाठ्याची परीक्षा द्यायला आलीत.

"माझा भाऊ कुटं हाय?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. इतकी एकी मी त्या पोरांत कधी पाहिली नव्हती. बाई माझ्यासमोर बसल्या आणि बोलायला लागल्या. पाच पोरींच्या पाठीवर आमच्या आयनं लेकासाठी देव सोडला न्हाय एक, तवा झाला न्हाईस, आन आता सोलापुरात निघालास व्हय? मग त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचा संशय वेगळाच होता. दवाखान्यात खोटे नातेवाईक उभे करून किडन्या काढून घेतात, असं त्यांनी ऐकलं होतं. माझ्या पोराची किडनी घेतली का अजून हाय, एवढं सांग, म्हणाल्या. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

मी म्हटलं, बाई, किडन्या दोन्ही जागेवर आहेत. बाकीचं मी सांगणार नाही, तुमचा लेक सांगेल. पोरांना मी खाली पाठवलं आणि दत्ताला वर घेऊन यायला सांगितलं. त्यांनी त्याला अक्षरशः ढकलत आणलं. दार लावून घेतलं. मी त्याला एवढंच म्हटलं की बोल, आता तुझी आई इथपर्यंत चढून आली आहे.

त्यानं आजाराचं सांगितलं, जमिनीकडे बघत, एका दमात. कौसाबाईंनी मला विचारलं, "मरतू का?"

गोळी घेतली तर नाही, मी म्हटलं.

"मग घे की," त्या लेकाला म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "लगीन?"

इथे दत्ता अडला. आजार सांगणं सोपं असतं, तो रक्तात सापडतो. शेवटी म्हणाला, आई, मला बायकोच नको. दुसरी कुणी हाय का, त्यांनी विचारलं. दुसरी नाही, तो म्हणाला, आणि रडायला लागला. कौसाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी बसतो कसा, हात ठेवतो कसे, मान वळवतो कशी, सगळं त्यांनी निवांत बघितलं.

"ह्याच्यावानी हाईस का?" त्यांनी लेकाला विचारलं.

दत्तानं मान डोलावली.

मी इतक्या कार्यशाळांना बसलो, चित्रं दाखवणारे इतके सर आणि मॅडम बघितले, पण इतकी सुटसुटीत व्याख्या कुणी केली नव्हती. मला जरा लागलंही, खोटं कशाला बोलू. कौसाबाई उठल्या, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. बराच वेळ त्या आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज पक्का होता. म्हणाल्या, लगीन मोडायला मैंदर्गीला जावं लागंल. चुलत्यांना न्यावं तर ते कारण इचारत्यात आन गावभर करत्यात. तू मामा हाईस न्हवं? चल.

मी म्हटलं, बाई, अहो, मी कसला मामा.

"दवाखान्यात मामा, आन शिव्या खायच्या वक्ताला न्हाय? आसं कसं चालंल?"

एसटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आडनावावरून जे कळायचं ते त्यांना कळलं आणि अक्कलकोट येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. माझ्या बाजूला खिडकी नव्हती, तरी. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. उपाशीपोटी शिव्या सोसत न्हाईत, म्हणाल्या.

मैंदर्गीत त्यांनी घरात पाऊल टाकलंच नाही. अंगणातच उभ्या राहिल्या, शेजारपाजारच्या बाया कान टवकारून असताना, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की पोरगी तुमची सोन्यासारखी हाय, खोट आमच्या पोरात हाय, हे लगीन हुनार न्हाय. मुलीच्या बापानं विचारलं, कसली खोट? ती सांगनार न्हाय, पर हाय, एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. बापाला ते पटेना. बाईमाणसाशी काय बोलायचं म्हणून तो माझ्याकडे वळला. तुम्ही मामा ना, तुम्ही बोला, आडनाव काय तुमचं? मी तोंड उघडायच्या आत कौसाबाईंनी आपल्या माहेरचं आडनाव सांगून टाकलं. त्यांनी मला झाकलं की स्वतःला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही वाटत नाही.

मग शिव्या सुरू झाल्या. निम्म्या कानडीत होत्या, तेवढा माझा फायदा झाला. मुलीचा भाऊ अंगावर आला, त्याला कुणीतरी धरलं. मुलगी दारात उभी होती, हाताला मेंदी काढून बघितलेली, लग्नाआधीची हौस. तिच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता आलं नाही. आम्ही तिला वाचवलं म्हणून तिनं आमचे आभार मानावेत अशी माझी अपेक्षा नव्हती. लग्न मोडलेली पोरगी म्हणून गाव तिच्याबद्दलच बोलणार होतं, अंगणातल्या बायांनी काहीही ऐकलेलं असो. सुपारी फुटायच्या आधी दत्ता बोलला असता तर तिला हे काहीच बघावं लागलं नसतं. त्याचा राग मला आजही येतो, आणि दत्ता दिवाळीला फराळ घेऊन आला की तो मी त्याला बोलूनही दाखवतो.

परत येताना अक्कलकोटला गाडीची वाट बघत बसलो होतो. कौसाबाई म्हणाल्या, दत्ताच्या गोळ्यांना आता मी जाईन. मी म्हटलं, बरं होईल. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला बी हाय न्हवं त्ये?"

आहे, मी म्हटलं.

"तुज्यासंगं कोण जातं?"

माझी जीभ अशा वेळी मला कधी दगा देत नाही. मी म्हटलं, मीच माझा मामा. या वाक्यावर आमची पोरं खिदळली असती. कौसाबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग मला म्हणावं लागलं की कुणी नाही. आई होती तोवर तिला सांगितलं नाही आणि नंतर सांगायला कुणी उरलं नाही. हे मी त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना धीर देण्याचा पगार घेणाऱ्या माणसानं असलं काही बोलायचं नसतं. त्यांनी माझी दवाखान्याची तारीख विचारून घेतली. मी सांगितली आणि विसरूनही गेलो.

त्या तारखेला मी केंद्रात गेलो तर बाकावर कौसाबाई बसलेल्या. पहाटेच्या गाडीनं मोहोळवरून आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. माझा नंबर आला तशा त्या माझ्याबरोबर उठल्या. नर्सबाईंनी त्या दिवशी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "या कोण?"

त्याच टेबलासमोर मी इतकी वर्षं बिनदिक्कत खोटं बोललो होतो आणि आता खरं सांगावं की खोटं, तेच ठरेना. कौसाबाई मला बाजूला सारून पुढे झाल्या.

"थोरली भैन हाय," त्या म्हणाल्या. "गोळ्या चुकवतू का ह्यो, ते आदी सांगा."